झेंडूच्या साडीची चोरी

"काकू, माझी साडी चोरीला गेली आणि ती शंतनुनंच नेलीय," दारातून आत येता येताच मुलगी म्हणाली.

"झालं तर मग! वहिनी, चोर सापडला," उमाकांतराव म्हणाले.

हेमलताबाईंनी मान वरसुद्धा केली नाही. "भावजी, आधी चोरी तरी ऐकू या."

राजाजीनगरात एका औषधाच्या दुकानावर हेमलता देशनूर यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. पाटीवर 'खाजगी तपास' असं कन्नड, इंग्रजी आणि मराठीत लिहिलेलं. येणारी कामं बहुतेक लग्नाआधीच्या चौकशीची. मुलगा खरंच अमेरिकेत आहे का, आणि असला तर तिथं एकटाच आहे का, एवढंच शोधायचं. उमाकांतराव हे त्यांचे धाकटे दीर. सरकारी कारखान्यात रडार जुळवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि निवृत्त झाल्यापासून ते वहिनींना मदत करत. माणूस हुशार, पण धीर म्हणून नाही. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, असं वहिनी त्यांना तोंडावर ऐकवत.

मुलगी पाणी प्यायली आणि जराशी सावरली. तिचं नाव देवश्री. घर मूळचं साताऱ्याचं, वडील इथल्याच एका संशोधन संस्थेत. ती फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती.

"उद्या सकाळी फायनल परीक्षा आहे. साडी नसेल तर मार्क नाहीत, आणि मार्क नाहीत तर माझं अख्खं वर्ष गेलं," ती म्हणाली.

"साडीत असं विशेष काय होतं?"

"केळीच्या खोडाच्या सोपटाचा धागा आणि सूत मिळून विणलीय. वीण इरकलीची, पण काठसुद्धा अंगासारखाच पिवळा. काठामागं दिव्यांची पट्टी लावायची. चाललं की पावलागणिक दिवे उजळतात. आणि रंग झेंडूचा! यशवंतपूरच्या बाजारात उरलेली फुलं संध्याकाळी फेकून देतात ना, त्यांचा."

"रंगवली कुणी?"

"भाग्यलक्ष्मीनं. माझी पार्टनर. डिझाइन माझं, रंगाचं खातं तिचं."

देवश्रीच्या बॅगेच्या पट्ट्याला एका फडक्याची गाठ मारलेली होती. हेमलताबाईंनी ते बोटात धरलं. "हे त्याच कापडाचं?"

"हो, उरलेला तुकडा. रोज स्कूटरवर फिरते ना मी, उन्हात, धुळीत. पार कळकट झालाय."

हेमलताबाईंनी गाठ सैल केली. फडकं बाहेरून पांढुरकं पडलं होतं. गाठीच्या आत मात्र ते लखलखीत पिवळं होतं. त्यांनी गाठ पुन्हा आवळली आणि पर्स उचलली.

"चला, कॉलेज बघू."

वाटेत रिक्षात देवश्रीनं बाकीचं सांगितलं. शंतनु तिच्याच वर्गातला, सकाळीच तिच्याशी भांडलेला. दुपारी सगळे जेवायला गेले, परत येऊन बघतात तर साडी नेसवून ठेवलेला पुतळा उघडा. फाटकावर लगेच बंदोबस्त केला, इमारत धुंडाळली, कपाटं उघडली. पिवळं चिरगूटसुद्धा हाती लागलं नव्हतं.

फाटकावर मल्लाप्पा हा पहारेकरी छाती काढून उभा होता.

"अक्का, पिवळं म्हटल्यावर मी कुणाला सोडलं नाही. एका पोरीचा डबासुद्धा उघडला. आत चित्रान्न निघालं, पिवळा भात!"

"आणि पिवळं नसलेलं?"

"ते कशाला बघू अक्का? साडी पिवळी गेली ना?"

"बरोबर आहे त्याचं," उमाकांतराव म्हणाले. हेमलताबाई नुसत्या "सरी, बरं" म्हणून पुढं झाल्या.

वर्गात तो पुतळा केविलवाणा उभा होता. शेजारच्या टेबलावर दिव्यांची पट्टी नीट गुंडाळून ठेवलेली होती.

"ही तुम्ही काढलीत?"

"नाही! ही साडीलाच लावलेली होती," देवश्री म्हणाली. "टिचबटणांनी बसवलीय, म्हणजे साडी धुताना काढता येते. चोरानं ही का सोडली तेच कळत नाही. सगळ्यात महागडी वस्तू तीच."

उमाकांतरावांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. एकही तार तुटलेली नव्हती, एकही बटण उपटलेलं नव्हतं. "सुबक काम आहे हं," ते कौतुकानं म्हणाले, आणि मुद्दा तिथंच विसरले.

शंतनु मागच्या खोलीत सापडला. मुंबईचा उंच पोरगा, चेहऱ्यावर आठ्या. त्याच्यासमोर एक मोठा टब होता आणि खोलीभर व्हिनेगरचा वास कोंदला होता.

"हे काय रे बाबा?" उमाकांतरावांनी नाकाला रुमाल लावला.

"लेदर, अंकल. गोड चहाच्या पाण्यात जंतू वाढवायचे. वर सायीसारखा थर धरतो, तो वाळवला की चामडं. एकही जनावर मारावं लागत नाही."

"सकाळी देवश्रीशी भांडलास म्हणे?"

"भांडलो कुठं? मी फक्त म्हणालो की तिची साडी म्हणजे गणपतीचा मांडव वाटतो. तर तिला राग आला. जेवायच्या वेळी मी इथंच होतो. एकटाच. सो नाऊ आय ॲम द चोर!" त्याचा आवाज चिरकला. "सगळा वर्ग माझ्याशी बोलायचा बंद झालाय, मॅडम. उद्या माझीही परीक्षा आहे."

उमाकांतरावांनी वहिनींना कोपरानं खुणावलं. वहिनींनी टबात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "चांगलंच आंबट आहे," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

रंगाची खोली गच्चीलगत होती. भाग्यलक्ष्मी तिथंच एका स्टुलावर बसलेली होती. अथणीची मुलगी, घरी मराठी, शेजारी कन्नड. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"मी उशिरा जेवायला गेले अक्का. स्वल्प डोकं दुखत होतं. आले तर साडी नाही."

"उद्या परीक्षक काय काय बघणार गं?"

"वीण, दिवे, नेसण... आणि रंग. आज सकाळीच सांगितलं. प्रत्येक कापडाचं एक टोक साबणाच्या पाण्यात धुऊन बघणार."

"मग तुम्हाला कसली भीती? झेंडू तुरटीनं पक्का बसतो म्हणतात."

"हां," भाग्यलक्ष्मी खाली बघत म्हणाली, "पक्का बसतो."

कट्ट्यावर धुण्याच्या सोड्याचा डबा उघडाच पडला होता, आणि भोवती सोडा सांडलेला. हेमलताबाईंनी देवश्रीला विचारलं, "हा कशाला लागतो?"

"विणायच्या आधी धागा उकळून घ्यायला. पण आमचं ते काम कधीच उरकलं. आता कुणी हातही लावत नाही."

गच्चीवर पहिल्या वर्षाच्या मुलांची मंजिष्ठेत रंगवलेली लालभडक कापडं दोरीवर ओळीनं वाळत होती. उमाकांतराव वाकून पलीकडं जायला गेले, तोच त्यांच्या टकलावर पाण्याचा थेंब पडला. त्यांनी वैतागून ते कापड बाजूला सारलं आणि हात चोळत परत आले.

"काय रंग लावतात ही पोरं! बाकीची कापडं कडकडीत वाळलीत आणि या एकातून पाणी गळतंय. बोटं बघा कशी बुळबुळीत झालीत, साबण लागल्यासारखी."

हेमलताबाई थांबल्या. त्यांनी दिरांची बोटं हातात घेऊन बघितली आणि त्यांना हसू आवरेना.

"भावजी, देव तुमचं भलं करो. सगळ्यांना वर बोलवा. आणि शंतनुला म्हणावं, टबातलं तांब्याभर पाणी आण."

"त्याच्याकडून कबुली घ्यायची का?"

"नाही हो. पाणीच घ्यायचंय."

जरा वेळानं गच्चीवर सगळे जमले. शंतनु तांब्या घेऊन मख्खासारखा उभा होता. हेमलताबाईंनी ते ओलं लाल कापड दोरीवरून ओढलं, कट्ट्यावर पसरलं आणि त्यावर तांब्या कलंडला.

पाणी पसरत गेलं तिथं तिथं लाल रंग विरघळल्यासारखा झाला आणि खालून पिवळा उमटला. हळूहळू हातभर कापड पिवळं धमक दिसू लागलं.

"अगं बाई! माझी साडी!" देवश्री ओरडली.

"पण ही लाल कशी झाली?" उमाकांतराव डोळे विस्फारून म्हणाले. "झेंडू असा लाल होतो?"

"झेंडू होत नाही, हळद होते. भावजी, जन्मात एकदा तरी स्वतःचा सदरा धुतला असतात तर तुम्हीच सांगितलं असतंत. वरणाच्या डागाला साबण लावला की काय होतं?"

"ते... मला काय माहीत? ते तुमची जाऊबाई बघते."

"डाग लाल होतो. त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळा. हळदीत चुना घातला की कुंकू होतं, त्यातलीच ही गंमत." हेमलताबाई देवश्रीकडं वळल्या. "तुझ्या बॅगेच्या फडक्यानं मला पहिली शंका आणली. ते मळलं नव्हतं, विटलं होतं. तुरटीवर बसलेला झेंडू इतक्यात विटत नाही. हळदीचं मात्र उन्हाशी वाकडं. मग दिव्यांची पट्टी. चोरी करणारा माणूस घाईत असतो. तो एकेक टिचबटण सोडवत कशाला बसेल? साडी पाण्यात बुडवायची असेल तरच. आणि उघडा सोड्याचा डबा. साडी बाहेर गेलीच नाही. ती सोड्याच्या पाण्यातून काढून, तशीच न खळबळता, लाल कापडांच्या रांगेत टांगली. सगळं कॉलेज पिवळं शोधत होतं."

"म्हणजे शंतनु..." उमाकांतरावांनी अजून हार मानली नव्हती.

"शंतनुला हा झेंडूच वाटत होता, सगळ्यांसारखा. झेंडू सोड्यात घालून काय मिळणार? साडी हळदीची आहे हे एकाच माणसाला माहीत होतं. जिनं रंगवली तिला. आणि उद्या साबणाच्या पाण्यात टोक बुडालं की ते सगळ्यांना कळणार होतं."

भाग्यलक्ष्मीनं तोंडावर ओढणी धरली.

"बहिणीच्या साखरपुड्याला गावी गेले होते," ती म्हणाली. "आल्यावर बघते तर पोत्यातली फुलं नासलेली. रंग मळकट यायला लागला. देवश्री रोज विचारत होती, झाली का, झाली का. मी बाजारातून हळद आणली. वाटलं, नंतर सांगेन. मग सगळ्यांनी रंगाचं कौतुक केलं, आणि रोज सांगणं आणखी अवघड होत गेलं."

"अगं पण माझं वर्ष गेलं असतं, भाग्या!" देवश्रीचा राग आता उफाळून आला. "वर्ष!"

"चोरी झाली तर मुदत मिळते. तसंच विणलेलं, साडीएवढं कोरं कापड आहे माझ्याकडं. खऱ्या झेंडूत रंगवून 'सापडली' म्हणून आणणार होते. तुझं काही बुडू देणार नव्हते गं."

"आणि मी?" शंतनु म्हणाला. "मला सगळे चोर म्हणत होते त्याचं काय?"

देवश्री शंतनुपुढं गेली आणि दोन्ही हात जोडून म्हणाली, "पहिल्यांदा मी म्हणाले. चुकलं माझं."

उमाकांतराव खाकरले. वाईट त्यांनाही वाटत होतं, पण उपाय सुचल्याशिवाय त्यांना राहवेना. "मी म्हणतो, परीक्षकबाईंना सांगायचं, मुलीला ताप आहे. आठवड्याची मुदत मागायची. कुणाला कळतंय?"

"भावजी!"

"नको, काका," देवश्री म्हणाली. तिनं साडी गोळा केली आणि भाग्यलक्ष्मीकडं न बघता खाली निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमाकांतराव वहिनींच्या आधी तयार. काम संपलं होतं, पण यांच्या जिवाला घोर लागलेला. दोघं जाऊन हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

देवश्रीनं साडी टेबलावर पसरली होती, आंबट पाण्यातून आणि मग साध्या पाण्यातून काढलेली, पुन्हा पिवळी. भाग्यलक्ष्मी तिच्यापासून चार हात लांब उभी होती.

परीक्षकबाईंनी साबणाच्या पाण्याचं भांडं पुढं ओढलं. "रंग कशाचा?"

देवश्रीनं साडीचं टोक पुढं सरकवलं.

"हळदीचा, मॅडम," भाग्यलक्ष्मी पुढं होऊन म्हणाली. "झेंडूची फुलं मी नासवली आणि झेंडू म्हणून खोटं मीच सांगितलं. साडी लपवली ती पण मी. शंतनुनं नाही. देवश्रीला काल संध्याकाळपर्यंत काही माहीत नव्हतं."

बाईंनी टोक बुडवलं, लाल झालेलं पाहिलं आणि यादीवर खूण केली. उमाकांतरावांनी वहिनींचा पदर घट्ट धरला होता, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"रंगाला शून्य. दोघींनाही," बाई शेवटी म्हणाल्या. "आणि भाग्यलक्ष्मी, तू परीक्षा संपली की प्राचार्यांच्या खोलीत ये. वीण आणि दिव्यांचे मार्क अजून शिल्लक आहेत. साडी नेसून चालून दाखवा."

भाग्यलक्ष्मी वळली आणि दाराकडं चालू लागली.

"कुठं निघालीस?" देवश्री मागून म्हणाली. आवाजात राग होता, रडूही होतं. "निऱ्या कोण धरणार?"

भाग्यलक्ष्मी परत आली, तिच्यापुढं गुडघ्यावर बसली आणि निऱ्या घालू लागली.