सात ऑगस्टचा शिक्का

"फिनलंडले किती लागते मॅडम?"

मंजुश्रीनं मान वर केली. पोस्टाच्या खिडकीत एक तरुण उभा होता. नखांत निळा रंग, बाहीवर पिवळा, आणि हातात एक पोस्टकार्ड. विकतचं नव्हे, जाड कागद कापून स्वतः रंगवलेलं. त्यावर कापसाचं एक बोंड, असं फुटलेलं की बोट लावून बघावं.

"कुठं म्हणालात?"

"फिनलंड. लांब आहे थोडं... मेहकरच्याही पुढं."

ती गालातल्या गालात हसली आणि लगेच हसू आवरलं. नवी नोकरी होती. नांदुऱ्याहून येऊन या खेड्यात शाखा डाकपाल म्हणून रुजू झाल्याला चारच दिवस झाले होते, आणि फिनलंडचा दर तिच्या तक्त्यात कुठंच नव्हता. तिनं साखरखेर्ड्याच्या मोठ्या पोस्टात फोन लावला, त्यांनी आणखी कुणाला लावला. तेवढा अर्धा तास हा पठ्ठ्या खिडकीशी निवांत उभा राहून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. तो म्हणे कॅलेंडर बघत होता. कॅलेंडर मागच्या वर्षीचं होतं.

गावाचं नाव मी सांगत नाही. साखरखेर्ड्यापासून दोन कोसांवर आहे, एवढं पुरे. पुढं जे घडलं ते सरकारी नियमात बसत नाही, आणि मला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही.

तर हा प्रसेनजित. गावात 'पेंटर' म्हटलं की हाच. ट्रॉल्यांवर नावं रंगवायची, शाळेच्या भिंतीवर पाढे लिहायचे, आणि उरल्या वेळात जगभर पोस्टकार्डं धाडायची. इंटरनेटवर अशा हौशी लोकांचा मेळा आहे म्हणे. नाव नोंदवलं की एका अनोळखी माणसाचा पत्ता मिळतो. त्याला कार्ड पाठवायचं. ते पोचलं की तिसऱ्याच कुणाकडून आपल्याला येतं. जपानातल्या मांजरी, ब्राझीलचे पोपट, एस्टोनियातलं बर्फ, सगळं त्याच्या दुकानाच्या पत्र्यावर चिकटवलेलं. गाव म्हणायचं, पोरगं येडं आहे, पण रंग पक्का लावते.

ही सगळी कार्डं मंजुश्रीच्या हातून जायची-यायची. आणि पोस्टकार्ड उघडंच असतं हो! वाचू नये म्हटलं तरी माणसानं डोळे काय मिटून घ्यायचे?

"काय लिहिलं यात?" तो मुद्दाम विचारायचा.

"मला काय माहीत? तुमचं कार्ड, तुम्ही वाचा." ऑफिसात ती अगदी नेटकं बोलायची.

"तुमी तं वाचलंच असन. सांगा ना... तुमच्या तोंडून आयकलं की इंग्रजी बी सोपं वाटते."

तिचे कान तापायचे. कार्ड सरकवताना त्याच्या बोटांना बोट लागू नये याची ती काळजी घ्यायची, आणि घेतली की उगाच हळहळायची.

असे सहा महिने गेले. मग आला सात ऑगस्ट.

त्या दिवशी खिडकीत गर्दी होती. टपालाची थैली साखरखेर्ड्याला नेणारे पुंजाजी मोटरसायकल चालू ठेवूनच बाहेर थांबले होते. प्रसेनजितनं कार्ड दिलं, आणि नेहमीसारखा रेंगाळला नाही. मागं न बघता तडक निघून गेला. मंजुश्रीनं शिक्का मारला — थाप! — आणि कार्ड उलटून पाहिलं.

चित्र एका हाताचं होतं. मुठीत शिक्का, मनगटाला निळ्या पट्ट्याचं घड्याळ, अंगठ्यावर शाईचा डाग. तिनं स्वतःच्या मनगटाकडं पाहिलं. तेच घड्याळ, तोच डाग.

कार्ड फिनलंडच्या हेल्मी आजींना होतं. पहिल्या दिवशीचं ते कापसाचं बोंड गेलं होतं तेही यांनाच; तेव्हापासून दोघांचं चांगलं जमलं होतं. लिहिलं होतं इंग्रजीत, पण आपल्या भाषेत सांगायचं तर असं: 'आजी, हा आमच्या पोस्टातल्या मॅडमचा हात. शिक्का मारताना त्या खालचा ओठ दातात धरतात, ते मला काढता आलं नाही. मला त्या फार आवडतात. त्यांना सांगू का? तुम्ही हो म्हणालात तरच बोलीन.'

"मॅडम, थैली!" पुंजाजी ओरडले.

तिनं थैली बांधून दिली. कार्ड मागं राहिलं. राहिलं कसलं, तिनं ठेवून घेतलं! शिक्का मारताना खाली ठेवतात ती रबराची जाड गादी तिनं उचलली आणि कार्ड तिच्याखाली सरकवलं. आणखी एकदाच वाचू, उद्याच्या थैलीत जाईल, असं मनाशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की आपण काय करून बसलो. कार्डावर तारीख पडली होती सात ऑगस्ट. आता पाठवलं तर उशीर उघडा पडणार, न पाठवावं तर सरळ गुन्हा. दुसऱ्याचं टपाल दाबून ठेवलं म्हणजे नोकरीवर पाणी. आणि वडील गेल्यापासून घर तिच्याच पगारावर चालत होतं. धाकटी छकुली खामगावला नर्सिंग शिकत होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी गत झाली.

आणि तो यायला लागला.

"उत्तर आलं का मॅडम?"

"नाही आलं."

एक दिवसाआड यायचा. तोच प्रश्न, तेच उत्तर. पहिल्यांदा हसत विचारायचा, मग नुसतंच विचारायचा. ती रजिस्टरातून मान वर काढायची नाही.

आता तुम्ही म्हणाल, या बाईनं सरळ सांगून का टाकलं नाही? अहो, सांगायचं काय? तुमचं कार्ड मी चोरलं, कारण ते मला आवडलं? आणि त्यानं थट्टेत लिहिलं असेल तर? मूग गिळून ती बसली. मोठी पंचाईत तर पुढंच होती. आजी हो म्हणतील तेव्हा हा बोलणार, आणि आजींना कार्डच गेलेलं नाही! पोरीनं आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

सप्टेंबरात एका गुरुवारी तो आला, तो खिडकीच्या जरा लांबच उभा राहिला.

"शनिवारी शेवटचं इचारतो मॅडम. सोमवारी मी पुण्याले चाललो. चुलतभाऊ बोर्ड रंगवते तिथं. इथं आता... काय आहे?"

तिनं रजिस्टरातून मान वर काढली. "परत कधी?"

"परत काऊन यायचं?" एवढंच म्हणून तो गेला.

शुक्रवारी रात्रभर तिनं ठरवलं. उद्या सांगायचंच, नोकरी गेली तरी चालेल... नाही, चालणार नाही... तरी सांगायचंच. शनिवारी सकाळी कुलूप उघडते, तो मागं जीप थांबली. तपासणीला डाक निरीक्षक आले होते.

साहेबांनी रजिस्टरं पाहिली, तिकिटं पाहिली, कपाट उघडून पाहिलं. मग शिक्का उचलला, तारीख बरोबर आहे का ते बघायला कागदाचा तुकडा गादीवर ठेवला, आणि थाप! नेमका कार्डाच्या डोक्यावर.

"छान उमटतो," साहेब म्हणाले. त्यांचा हात गादीवरच राहिला.

आणि त्याच वेळी खिडकीत प्रसेनजित.

"या, या. तुम्हीच ना परदेशात कार्डं पाठवणारे?" साहेबांनी विचारलं. "पोचतात का सगळी?"

"पोचतात साहेब." तो थांबला. "एक सोडून."

"कधीचं?"

"सात ऑगस्टचं."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "मग लेखी तक्रार द्या. आत्ताच इथंच शोध घेऊ." बोलता बोलता ते नखानं गादीचा कोपरा उचलत होते, सोडत होते... उचलत होते.

प्रसेनजितनं मंजुश्रीकडं पाहिलं. तिनं खालचा ओठ दातात धरला होता, पार पांढरा पडेपर्यंत.

"राहू द्या साहेब," तो एकदम म्हणाला. "पत्ता मीच अर्धा टाकला होता. गलती माझीच हाय. मॅडमचं काम एक नंबर आहे."

साहेबांनी गादी सोडली, शेरा लिहिला, चहा घेतला, आणि अर्ध्या तासानं जीप गेली. प्रसेनजित बाहेर लिंबाखाली थांबला होता. जीप दिसेनाशी झाल्यावर खिडकीशी आला.

"बरं मॅडम. शेवटचं इचारतो..."

"पत्ता पूर्ण होता," ती म्हणाली.

"काय?"

"घर नंबर, गाव, पिन, सगळं होतं. मला माहीत आहे." तिनं गादी उचलली आणि कार्ड त्याच्यापुढं ठेवलं. शेजारी एक कोरा कागद ठेवला. "मी ठेवून घेतलं होतं. तक्रार करायची असेल तर लिहा. मी नाही म्हणणार नाही." आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

त्यानं कार्ड उचललं, उलटंसुलटं केलं. कोपरे मऊ झाले होते, कितीदा तरी हाताळल्यासारखे.

"म्हंजे... तुमी वाचलं? त्याच दिवशी?"

"हो."

"मंग बोलल्या काऊन नाही?"

"तुम्ही आजींना विचारलं होतं. मला कुठं विचारलं?"

"आता काय सांगू तुमाले!" त्यानं कपाळावर हात मारला. "लपवायचं असतं तं पाकिटात नसतं घातलं? उघडं लिहिलं, कारण तुमी वाचता हे मले ठावं होतं. दीड महिना झाला, मी एक दिवसाआड येऊन तुमालेच इचारून राह्यलो, उत्तर आलं का. अन् तुमी माझ्या तोंडावर म्हणता, नाही आलं!"

इतके दिवस मंजुश्री आजींच्या वतीनं उत्तर देत होती, आणि हा माणूस ते तिचं समजून घरी जात होता.

"एकोणीस वेळा," ती पुटपुटली.

"काय एकोणीस?"

"एकोणीस वेळा विचारलं तुम्ही."

"मोजलं तुमी?" त्याचा आवाज एकदम खाली आला. "मंजुश्री... इसाव्यांदा इचारू?"

तिनं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले. बाहेर पुंजाजींच्या मोटरसायकलची फटफट आली.

"लवकर इचारा ना," ती म्हणाली. तिची ऑफिसातली नेटकी भाषा पार गळून पडली होती.

"उत्तर आलं का?"

"आलं. हाव म्हणे."

तो हसला, मग काही सुचेना म्हणून पुन्हा हसला. खिशातून एक कोरं कार्ड काढून तिथंच खिडकीच्या फळीवर घाईघाईनं लिहायला लागला. वरचं चित्र नंतर काढू म्हणाला. पण ती म्हणाली, नाही, कोरं नको. तेव्हा त्यानं तिच्या शाईच्या डब्यात अंगठा बुडवून मागं उमटवला, आणि डबा तिच्यापुढं सरकवला. तिनं शेजारी आपला उमटवला.

"वाचायचं नाही बरं," तो म्हणाला.

तिनं अर्थातच वाचलं. 'आजी, तुम्हाला विचारायच्या आधीच उत्तर आलं. पुण्याला जात नाही.'

"अन् हे जुनं?" तिनं सात ऑगस्टचं कार्ड पुढं केलं. "तुमचं हाय, घ्या."

"तुमच्यासाठीच लिहिलं होतं ते. ठेवा."

"मॅडम!" पुंजाजी दारातून ओरडले. "थैली बांधता का मी जाऊ?"

मंजुश्रीनं तारीख पाहिली, खालचा ओठ दातात धरला आणि नव्या कार्डावर शिक्का मारला. मग ते कार्ड तिनं स्वतःच्या हातानं थैलीत टाकलं.