लाल गाडीचा नॉब

दसऱ्याच्या सकाळी वर्षाराणीनं आपल्या गॅरेजचं शटर वर ओढलं, लाल गाडीवरची चादर काढली आणि ती तिथंच थांबली.

गिअरच्या दांड्यावर नॉब नव्हता. नुसते आटे आणि बुडाशी नट, एवढंच दिसत होतं.

कुलूप शाबूत होतं. नवी बॅटरी जागेवर होती. चोरानं नेला तो फक्त लिंबाएवढा लाकडी गोळा.

एवढ्याशा गोळ्यासाठी कसला गहजब, असं कुणाला वाटेल. त्यानं आधी हे ऐकावं. ही दोन सीटची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार साठ वर्षांची. वर्षाराणीच्या वडलांनी, गुरुपादप्पांनी, ती हैदराबादहून भंगारात आणली आणि चालू व्हायच्या आधीच ते गेले. वर्षाराणीनं तीन वर्षं खपून ती उभी केली. राजशेखरकाकांना मात्र ती हैदराबादच्या एका शौकिनाला विकायची होती. शेवटी घरच्या बैठकीत ठरलं: दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या गाड्यांची लातूर ते नांदेड फेरी आहे. पोरीनं गाडी स्वतः चालवत नांदेडला नेली तर गाडी तिची, नाहीतर हैदराबादची. आणि निघण्याआधीच्या तपासणीत एखादा भाग तुटका-उघडा दिसला, की गाडी रांगेतून बाहेर.

म्हणजे हातात एकच दिवस होता.

गॅरेजच्या किल्ल्या तिच्याशिवाय तिघांकडे होत्या. काकांकडे, तिला काम शिकवणाऱ्या आणि आता तिच्याच गॅरेजात राबणाऱ्या बसवंत मिस्त्रींकडे आणि शेजारधर्म म्हणून पलीकडच्या गॅरेजवाल्या हरिओमकडे. आदल्या दिवशी खंडेनवमीच्या पूजेला तिघंही हजर होते. सगळी हत्यारं धुऊन फळीवर मांडली होती. एकदा पूजा झाली की दसऱ्याला उचलेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही रीत. विभूती वर्षाराणीनंच लावली. तिच्या उजव्या हाताचं अंगठीचं बोट दोन वर्षांपूर्वी फॅनबेल्टनं निम्मं खाल्लं होतं. त्यामुळं पट्टे दोनच उमटत होते.

"तीन ओढ गं," काका म्हणाले होते.

"बोटं अडीच हायत काका. महादेवाला ठाव हाय ते."

आता ती आधी हरिओमकडे गेली.

"काल संध्याकाळी कुठं होतास?"

"घरी. खंडेनवमीला पाना कोण उचलतंय?" त्यानं आपली फळी दाखवली. प्रत्येक पान्यावर हळदकुंकू सुकलेलं होतं. "तू नांदेडला पोचलीस तर माझं गिऱ्हाईक तुटंल, हे खरं हाय. पण चोरी न्हाई केली."

काका कापडाच्या दुकानात बसले होते. कपाळावर विभूतीचे रुंद पट्टे.

"काका, नॉब तुमी काढला?"

"त्यो काढायला पाना लागतो का पक्कड, तेबी मला ठाव न्हाई. आता हट्ट सोड वर्षे."

"सोडायचा असता तर तीन वर्सांमागंच सोडला असता."

बसवंत मिस्त्री घरी पारायणाला बसले होते. कपाळ त्यांचंही पांढरं. बातमी ऐकून त्यांनी पोथी मिटली.

"मामा, काल पूजेनंतर गॅरेजात गेला होता?"

"पाय ठेवला न्हाई. राहू दे पोरी. त्या दांड्याचा आटा इंची हाय, बाजारात मिळायचा न्हाई. पुढच्या वर्सी जाऊ नांदेडला."

"पुढच्या वर्सी गाडी हैदराबादेत असंल."

"मंग नशीब," मिस्त्री म्हणाले.

नशीब! ज्या माणसानं तिला गंजलेला बोल्ट तीन-तीन दिवस तेलात भिजवून काढायला शिकवलं, त्यानं म्हणावं? वर्षाराणीला राग आला. तशीच ती बाजारात गेली.

लातुरात नॉब ढीगभर होते. कवटीचे, दिवे लागणारे, काचेत विंचू असलेले. सगळे मिलिमीटरच्या आट्याचे. एक बसला, पण पडायला आलेल्या दातासारखा हलायला लागला. मोबाईलवर मागवावा तर आठ दिवस.

मग तिनं चाकूरला लाकूड कातून देणाऱ्या दगडोबा खराद्याला फोन लावला.

"नमुना आण," म्हातारा म्हणाला. "आट्याचा अंदाज चालत न्हाई."

दांड्यावर नॉब घट्ट धरणारा नट तेवढा राहिला होता. तोच नमुना. ती गॅरेजात परतली आणि अर्ध्या इंचाचा पाना काढायला फळीकडे वळली. उचलणार, एवढ्यात तिचा हात थांबला. त्या पान्यावर विभूतीचे तीन ठळक पट्टे होते.

तिनं फळीवरची बाकी सगळी हत्यारं एकेक करून पाहिली. मग पाना तिथंच ठेवला, फोटो काढला, चोरानं सैल केलेला नट हातानंच फिरवून काढला आणि फळीवर चादर टाकून चाकूरची वाट धरली.

दगडोबांनी आटे पाडायचा, बापाच्या वेळचा इंची टॅप शोधून काढला आणि नटात फिरवून पाहिला; जरा म्हणून हलला नाही. किनवटच्या सागाचा जुना तुकडा खरादावर चढवला.

"हाताला कसा पायजे?"

"माझ्या हाताला पायजे."

म्हाताऱ्यानं तिचा पंजा उलटसुलट पाहिला, अर्ध्या बोटाला जिथं टेकू लागेल तिथं लाकडाला हलका खड्डा दिला. मग त्याच टॅपनं नॉबच्या आत आटे पाडले.

"दसऱ्याला खराद तुज्यापासून सुरू केला," ते म्हणाले. "जा, पळव गाडी."

संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला तिघंही गॅरेजात आले. गाडीवर नवा नॉब बघून काकांचं तोंड उतरलं. वर्षाराणीनं पानं घेतली, थोरल्या दोघांच्या पाया पडली आणि म्हणाली, "आता चोर सांगते."

तिनं फळीवरची चादर काढली.

"काल हत्यारांना विभूती मी लावली. सगळ्यांवर दोन पट्टे हायत. ह्या एका पान्यावर तीन. म्हंजे कुणीतरी ह्यो वापरला. विभूती पुसली, तवा त्याला पूजलेलं हत्यार उघडं ठेववंना. परत लावली, पण सवयीनं, तीन बोटांनी."

हरिओमनं काकांकडे पाहिलं.

"हरिओमला पाने कळतात. पण त्यानं हळदकुंकू लावलं असतं. काका विभूती लावतील, पण त्यांना बाराच्या बारा पाने लावून बघावे लागले असते. हितं एकच पाना हलला, आन त्यो नेमका नटाचा. नटाला ओरखडाबी न्हाई. हात माहीतगार, बोटं भाविक." ती मिस्त्रींकडे वळली. "असा ह्या तिघांत एकच हाय. का केलंत, मामा?"

बसवंत मिस्त्रींनी पिशवीतून जुना नॉब काढून बॉनेटवर ठेवला.

"हैदराबादवाल्यानं मला गाडीसंगं मिस्त्री म्हणून न्यायचं कबूल केलंय," ते म्हणाले. "हितं मला कोण इचारतंय? गिऱ्हाईक आलं की 'ताई कुठं हाय?' मी नुसता उभा. तुज्या बोटाला बेल्ट लागला तवा मी रडलो होतो पोरी. पण फेरीच्या पोस्टरवर तुझं एकटीचं नाव बघितलं, आन..."

"मला सांगायचं होतं. भांडायचं होतं माज्याशी!"

"काढून टाक ह्याला," काका म्हणाले.

"तुमी मधी पडू नका काका." वर्षाराणीनं डोळे पुसले. "मामा, उद्या सहाला यायचं. नांदेडपर्यंत माज्या शेजारी बसायचं, समद्यांच्या देखत. आन गिअरला हात लावायचा न्हाई."

सकाळी सहाला मिस्त्री आले ते आंघोळ करून. कुणाकडे न बघता गाडीपाशी गेले, विभूतीचा खडा काढला, तिसरं बोट मुठीत दुमडलं आणि सागाच्या नॉबवर पट्टे ओढले. दोनच.

वर्षाराणीनं त्यावर हात ठेवला आणि पहिला गिअर टाकला.