लाटा नसलेली जागा

"दाइ, ह्या पांढऱ्या पताका आमच्या स्वागताला लावल्यात का?"

बिपनाने बसचालकाला नेपाळीत 'दाइ', म्हणजे दादा, अशी हाक मारली खरी, पण प्रश्न तिचा नव्हताच. मागच्या बाकावरून सुयोग आणि यांगजीने पैज लावून तिला पुढे धाडलं होतं. नेपाळमधल्या पाल्प्याहून निघालेली ही शाळेची सहल श्रीलंकेच्या किनाऱ्याने चालली होती, आणि बसचालक जयतिस्सशी बोलायची अजून कुणाची छाती झाली नव्हती. कतारमध्ये नेपाळ्यांबरोबर वर्षं काढल्यामुळे तो नेपाळी फाडफाड बोलायचा, पण चेहरा कायम दगडासारखा! बाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पताका फडफडत होत्या. शेर्पांच्या यांगजीकडे पाहुणा आला की त्याच्या गळ्यात खादा नावाचं पांढरं उपरणं घालतात. त्यामुळे ती खिडकीतून गावकऱ्यांना हसून हात करत होती.

जयतिस्सने गाडी हळू केली.

"स्वागत नव्हे, बहिणी. आमच्याकडे पांढरं लागलं की त्या वाटेवर मरण झालेलं असतं. कोळ्यांचा पोरगा होता, तुमच्याएवढा. तुमच्या हॉटेलासमोरच बुडाला. कोळ्यांनी तिथे लाल निशाण रोवलंय. ते असेतो पाण्यात पाय घालू नका."

बिपना जागेवर परतली.

"काय म्हणाला? ओरडला ना?" सुयोगने विचारलं.

तिने सांगितलं. यांगजीने खिडकीबाहेरचा हात हळूच आत घेतला.

हॉटेलासमोर मात्र लाल निशाण नव्हतं. वाळूत नुसता बांबू उभा होता आणि त्याच्या टोकाला दोरीचा तुकडा लोंबत होता. बिपनाने हेमन्त सरांना गाठून सगळं सांगितलं. सरांनी मॅनेजरला विचारलं.

मॅनेजर गोड हसला. "ते पलीकडच्या किनाऱ्यावर, सर. गावातले लोक उगाच घाबरवतात."

"झालं समाधान?" सर पँट दुमडत म्हणाले. "ते बघा, दोन्हीकडे लाटा फुटताहेत, पण मधे कसं तळ्यासारखं आहे. तिथेच उतरायचं. आधी मी जातो. हाक मारली की रांगेने या."

डोंगरातल्या माणसाला भीती लाटांची. लाट नाही तिथे धोका नाही, असंच सगळ्यांना वाटलं. बिपनाच्या मनात मात्र गावाकडची कालीगण्डकी नदी आली. नदी खळखळते तिथे गुडघाभर पाणी असतं, आणि जिथे गप्प असते तिथे माणूस सापडत नाही.

"सर, नदी जिथे गप्प असते ना..."

"हा समुद्र आहे, बिपना. नदी नव्हे," म्हणत सर पाण्याकडे निघालेसुद्धा.

"आपण पाण्यालाच विचारू," सुयोग म्हणाला. त्याने नारळाचं एक सोडण उचलून त्या शांत पाण्यात भिरकावलं. लाटा किनाऱ्याकडे येत होत्या, सोडण मात्र उलटं चाललं. कुणी दोरीने ओढावं तसं सरळ आत, खोल समुद्रात.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सर कमरेभर पाण्यात होते आणि मागे मुलांची रांग लागत होती.

"थांबा म्हटलं तर कुणी थांबणार नाही," यांगजी कुजबुजली.

किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला कोळी मोठं जाळं ओढत होते. बिपनाला एकदम सुचलं. "यांगजी, सगळ्यांना तिकडे ने. दोराला हात लावेल त्याला मासळीचा वाटा मिळतो म्हणावं. काल नाही का आपल्याला मिळाला? आणि कोळ्यांना इकडे पाठव. सुयोग, तू निशाण शोध. कुठेतरी दडवलेलं असणार."

"फुकट मासे!" यांगजी ओरडत पळाली. रांग मोडून सगळी मुलं तिच्यामागे धावली.

तेवढ्यात सरांचे पाय तळावरून सुटले. ते किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन हात मारत होते, तरी मागे मागेच जात होते. बिपना गुडघाभर पाण्यात शिरली. त्यापुढे जायची तिची ताकद नव्हती. कालीगण्डकीवरच्या रानीघाटचा नावाडी धारेशी कधीच झुंजत नाही, नाव आडवी काढतो. तिने दोन्ही हात उजवीकडे फेकले आणि किनाऱ्याने तशीच उजवीकडे धावली. पुन्हा मागे आली, पुन्हा धावली.

"आडवे, सर! रानीघाटच्या नावेसारखे आडवे या!"

सरही पाल्प्याचेच. त्यांनी झुंजणं सोडलं आणि कूस वळवून हात मारायला लागले. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी एका फुटत्या लाटेने त्यांना उचलून पुढे आपटलं, आणि धावत आलेल्या कोळ्यांनी काखेत हात घालून बाहेर ओढलं.

सुयोग लाल कापड घेऊन आला. "आरामखुर्च्यांच्या गाद्यांखाली कोंबलं होतं."

"लाल दिसलं की पाहुणे परत जातात..." त्याच्या मागोमाग आलेला मॅनेजर पुटपुटला.

एका म्हाताऱ्या कोळ्याने ते कापड घेतलं, बांबूला घट्ट बांधलं आणि बिपनाच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाला. गाडी लावून आलेल्या जयतिस्सचा दगडासारखा चेहरा पहिल्यांदाच हलला.

"तो त्या पोराचा मामा. म्हणतोय, त्या दिवशी ही पोर इथे हवी होती."

मग सर खोकत, वाळूत बसूनच म्हणाले, "सगळ्यांनी ऐका. बिपनाने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

संध्याकाळी बिपनाने घरी फोन लावला. बा "शाब्बास पोरी" म्हणत होते, तर आमा रडत होती. "देव पावला गं. आता पुन्हा पाण्याजवळ फिरकायचं नाही, सांगून ठेवते."

"आमा, ऐक. बा, तुम्हीपण. सर डोळ्यांसमोर वाहत होते आणि मी गुडघाभर पाण्यात उभी राहून नुसते हात हलवत होते. त्यांना कळलं म्हणून बरं. नसतं कळलं तर?" तिने श्वास घेतला. "मी पोहायला शिकणार आहे. घरी आल्या आल्या, कालीगण्डकीतच. विचारत नाहीये, सांगतेय."