परवा चार वाजता

या मंडळी, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनाही ऐकू जायला हवं, आणि माझा आवाज हल्ली दुसऱ्या रांगेतच बसकण मारतो. आज एक हकीकत सांगतो. माझ्या देखत घडलेली आहे. तिच्यात ईमेल आहे, कॅलेंडर आहे आणि एका टॅक्सीवाल्याची दाढ आहे. हसू आलं तर हसा. मीही बराच वेळ हसत होतो.

आमची इमारत पाच मजल्यांची. चौदा लहान-लहान कचेऱ्या, आणि त्या सगळ्यांच्या मेलचं नि कॅलेंडरचं दुखणंखुपणं बघणारा मी एकटा. मला सगळे मेलमामा म्हणतात. तक्रारी ठरलेल्या असतात. मेल जात नाही म्हणावं, तर साहेबांनी नातवाचे ऐंशी फोटो एकाच मेलला जोडलेले असतात. मीटिंग एक तास आधी दिसते म्हणावं, तर फोनवर भलत्याच देशाची वेळ लावलेली असते. आणि मेल आलाच नाही असं कुणी शपथेवर सांगितलं, की तो बिचारा स्पॅमच्या खान्यात पडलेला असतो, बुजऱ्या पाहुण्यानं जिन्यातच उभं राहावं तसा. मी आधी देवाचं नाव घेतो, मग मशीन बंद करून पुन्हा चालू करतो. लोक म्हणतात, काम दुसऱ्यानंच होतं. असेल. पहिलं सोडून मी कधी बघितलेलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. लवंगेच्या तेलाचा वास, दोन खुर्च्या, भिंतीशी माशांची काचपेटी. डॉक्टरबाई उंच, मोकळ्या हसणाऱ्या. काउंटरवर आक्का. वय बावन्न, चष्मा दोरीनं गळ्यात, टायपिंग दोन बोटांनी. त्यातलं एक बोट काम करतं आणि दुसरं देखरेख.

डॉक्टरबाईंनी नवं कॅलेंडर घेतलं होतं. आपण बोलतो तसं त्यात लिहायचं. ‘उद्या अकरा वाजता शाळेच्या बाई, दात साफ’ असं लिहिलं की ते आपण होऊन जागा धरतं, पेशंटला मेलनं निमंत्रण धाडतं आणि त्याचा होकार आला की हिरवी खूण करतं. आक्का त्याच्यावर खूश होत्या. म्हणायच्या, “घरात कुणी ऐकत नाही, हे तरी ऐकतं.”

मग एका बुधवारी, साधारण एक वाजता, त्यांचा फोन आला.

“मामा, वर या. तुमचं कॅलेंडर उलटं चालतंय.”

गेलो. आक्कांनी सकाळपासून तीन पेशंट नोंदवले होते, तिघेही शुक्रवारचे. कॅलेंडरनं तिघांनाही सोमवारात बसवलं होतं. गेलेल्या सोमवारात.

“काय लिहिलं होतंत?”

“काय लिहिणार? परवा तीन वाजता टॅक्सीवाले, दाढ. परवा साडेतीन वाजता...”

मला हसू फुटलं. आपला परवा दोन्हीकडे असतो ना, मंडळी. परवा गेलो होतो, परवा जाणार आहे; आपण आवाजावरून ओळखतो. मशीन काय ओळखणार? त्यानं मागचा धरला. आत खुर्चीपाशी हत्यारं मांडत असलेल्या डॉक्टरबाईही हसल्या. म्हणाल्या, “चला, निदान सोमवारी तरी दवाखाना भरलेला दिसतोय.”

त्या बोलण्याला कारण होतं. सोमवारी इमारतीची वीज दुरुस्तीसाठी दिवसभर बंद होती. सगळ्या कचेऱ्या बंद. तशी नोटीस मीच मेलनं पाठवली होती, आणि सकाळी नऊला खालच्या शटरला कुलूप माझ्यासमोर लागलं होतं.

कॅलेंडरवाल्या कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, “आत एक बटण आहे सर. मागचा परवा की पुढचा परवा, तेवढं फिरवा.” एवढंच काम. त्या तीन नोंदी पुसून बटण फिरवावं म्हणून मी बसलो, तर पहिल्या नोंदीपुढे हिरवी खूण दिसली. तिन्हींपुढे होती.

होकाराचे मेल उघडले. टॅक्सीवाल्याचा होकार रविवारी दुपारचा होता. आक्कांचं निमंत्रण बुधवारी सकाळचं.

असं होतं कधीकधी. एखाद्याच्या फोनचं घड्याळ चुकलेलं असतं. पण तिघांच्या? मेल वाटेत ज्या-ज्या मशीनवरून येतो, ते प्रत्येक मशीन त्याच्यावर आपली वेळ उठवतं, टपालाच्या शिक्क्यासारखी. मी शिक्के बघत गेलो. सगळे रविवारचे. आमच्या मशीनचं घड्याळ ताडून बघितलं. सेकंदाचाही फरक नव्हता.

बोलण्याआधी चष्मा पुसावा म्हणून रुमाल काढला, तेवढ्यात दार ढकलून टॅक्सीवाले आत आले. गाल सुजलेला नाही, चेहरा टवटवीत.

“या,” आक्का म्हणाल्या. “पण तुमचं शुक्रवारी आहे.”

“शुक्रवारी कशाला? बाईंनीच सांगितलं, दोन दिवसांनी दाखवून जा. म्हणून आलो.”

“दोन दिवसांनी? अहो, सकाळीच फोनवर विव्हळत होतात तुम्ही.”

“मी?” ते हसले. “सकाळी मी कडक टोस्ट खाल्ला, आक्का. त्याच दाढेनं.”

डॉक्टरबाईंनी त्यांना खुर्चीत घेतलं, दिवा ओढला, आरसा लावून आत बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग दिवा बंद न करताच बाहेर आल्या आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, “भरलेली आहे दाढ. आणि काम माझं आहे. कडेला मी असा एक उतार सोडते, दुसरं कुणी सोडत नाही.”

“कधी केलंत?”

“तेच विचारतेय मी स्वतःला.”

आतून टॅक्सीवाले मजेत सांगत होते, “सोमवारी तुम्ही किती हसवलंत बाई. ते मशीन फिरत होतं आणि मी हसतोय. म्हटलं, जीभ कापली जायची.”

“वीज होती?” मी दारातून विचारलं.

“म्हणजे काय? विजेशिवाय मशीन फिरेल होय?”

ते गेले. जाताना मजेत शीळ घालत गेले. डॉक्टरबाईंनी एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाल्या, “मामा, एक सांगू? दोन तासांचं काम कमी झालं माझं. मी तक्रार करणार नाही.” आणि हात धुवायला आत गेल्या. नळ बराच वेळ वाहत होता.

मी पुन्हा मेलकडे वळलो. कुठलाच शिक्का सुटू नये म्हणून दवाखान्याचा स्पॅमचा खानाही उघडला. केस वाढवायच्या औषधांच्या चाळीसेक जाहिराती होत्या, आणि त्यांच्यामध्ये, रविवारी सकाळी आलेला, एक साधा मेल. विषय: ‘चिमणे’.

“आक्का,” मी म्हणालो, “चिमणी कोण?”

त्यांचा हात की-बोर्डवरच थांबला.

मेल त्यांच्या थोरल्या भावाचा होता. एवढंच लिहिलेलं:

‘चिमणे, तुझा दुसरा पत्ता माझ्याजवळ नाही म्हणून दवाखान्याच्या पत्त्यावर लिहितोय. सोमवारी संध्याकाळच्या गाडीनं जातोय. मुलाकडे, समुद्रापलीकडे. आता परत येणं नाही. चार वाजता तुझ्याकडे येऊन दहा मिनिटं बसू का? हो म्हणालीस तर येईन. उत्तर आलं नाही तर समजेन, राग गेलेला नाही. मग पुन्हा कधी त्रास देणार नाही. दादा.’

आक्कांनी तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून ठेवला.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आई गेली तेव्हा दादा एक दिवस उशिरा पोचला. दारातच आक्का म्हणाल्या, ‘आता कशाला आलास?’ तीन शब्द. तो उंबऱ्यावरूनच परत फिरला. “तेव्हापासून रोज जुळवतेय, मामा,” त्या म्हणाल्या. “काय बोलले म्हणजे ते पुसलं जाईल. सहा वर्षांत एक वाक्य सुचलं नाही. आणि आता त्याला वाटणार, मुद्दाम उत्तर दिलं नाही.”

फोन लावून बघितला. जुना नंबर बंद होता. मेल लिहिला, तर तो पत्ताच बंद झाल्याचं उत्तर आलं.

बाहेर ऊन होतं. मासे फिरत होते. आक्कांनी चष्मा पुन्हा चढवला, खुर्ची पुढे ओढली आणि मला विचारलं, “ते बटण कधी फिरवणार आहात?”

“आत्ता फिरवतोच आहे.”

“पाच वाजता फिरवा.”

मी त्यांच्याकडे बघितलं. कीर्तनात बुवा ऐन प्रसंगी थांबतात आणि सगळ्या सभेचा श्वास अडकतो ना, तसा माझा अडकला. नको म्हणायला माझ्याकडे एकही तांत्रिक कारण नव्हतं. होतं ते कारण निराळं होतं, आणि ते मला नीट सांगता येईना.

“आक्का, हे बरोबर नाही.”

“बरोबर काय, मेलमामा? सहा वर्षं बरोबर होती?”

मी बाजूला सरकलो.

त्यांनी एका बोटानं लिहिलं. *परवा चार वाजता दादा.* पत्ता त्याच मेलवरून घेतला, तो बंद झालेलाच. आणि पाठवलं.

सोमवारच्या रकान्यात चार वाजता एक निळी पट्टी उमटली.

आम्ही बघत राहिलो.

हिरवी खूण झाली.

होकार रविवारचा होता. संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटं.

मी स्पॅमचा खाना पुन्हा उघडला. का उघडला, सांगता येत नाही. तासाभरापूर्वी मी तो ओळ न ओळ बघितला होता.

तिथे दादाचा दुसरा मेल होता. सोमवार, पाच वाजून वीस.

‘चिमणे, गाडी लागली आहे. डोळे भरून बघितलं तुला. तू आईचं जे सांगितलंस, ते ऐकलं आणि सहा वर्षांचं ओझं तिथेच तुझ्या काउंटरवर ठेवून निघालो. आता निवांत झोपेन. आपला फोटो जोडलाय. पोचलो की नव्या नंबरवरून फोन करतो.’

“मी काय सांगितलं?” आक्का म्हणाल्या.

मी फोटो उघडला.

हेच काउंटर होतं. वरच्या दोन्ही ट्यूबलाइट पेटलेल्या. पांढऱ्या मिशांचा एक माणूस, डोळे ओले, तोंडभर हसू. त्याच्या खांद्याला टेकून आक्का बसलेल्या. त्यांच्या अंगात जांभळा स्वेटर होता.

आक्कांनी खालचा खण ओढला. लोकर बाहेर काढली. जांभळी. पाठ विणून झालेली, एक बाही अर्धी, सुया तशाच अडकवलेल्या.

त्यांनी ते विणकाम फोटोशेजारी धरलं. मग हळूच परत खणात ठेवलं.

“मला सहा वर्षं सुचलं नाही,” त्या म्हणाल्या, “ते तिला कसं सुचलं?”

पाच वाजता मी बटण फिरवलं. तेव्हापासून आमचा परवा पुढेच जातो.

दादाचा फोन आता दर रविवारी येतो. दोघं तासतास बोलतात, भांडतात, एकमेकांना चिडवतात. मध्येच तो म्हणतो, ‘त्या सोमवारी तू म्हणालीस ना, तसंच बघ,’ आणि आक्का म्हणतात, ‘हो ना.’ विचारायचा धीर होत नाही त्यांना. सुखी आहेत मात्र. स्वेटर पूर्ण झाला. पहिल्यांदा घालून आल्या त्या दिवशी मी म्हटलं, छान दिसतोय. तर म्हणाल्या, “तिला जास्त खुलत होता.” आणि खळखळून हसल्या.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतो.

दवाखान्यातली माणसं येताना आणि जाताना त्याच कॅलेंडरवर बटण दाबतात. महिनाअखेरीला हजेरीचा कागद मी काढून देतो. त्या महिन्याच्या कागदावर सोमवारही होता. डॉक्टरबाई: आल्या दोन पन्नास, गेल्या पाच तीस. आक्का: आल्या तीन पन्नास. पुढची जागा कोरी.

राहून गेलं असेल म्हणून मी साडेपाच भरायला गेलो. घेईना. बंद करून चालू केलं. देवाचं नाव घेतलं. पुन्हा भरलं. दर वेळी तेच उत्तर येतं, आजही येतं: ‘ही व्यक्ती अजून कामावर आहे.’

तेव्हा मंडळी, एवढंच मागणं. रात्री डोळे मिटताना आपल्या माणसांसाठी देवाजवळ दोन शब्द बोलाल, तेव्हा त्या सोमवारच्या आक्काचीही आठवण काढा. तिनं एका भावाला हसतं करून वाटेला लावलं, आणि तिला आता घरी जा म्हणायला तिथे कुणी नाही.