उसातला हुंकार

या बाळांनो, जवळ सरकून बसा. गोष्ट उसाची आहे. शेवटी गोड लागेल, पण आधी जरा भिववेल.

सुट्टीत दादा आणि शेपूट आत्याकडे आले होते. शेपूट म्हणजे दादाची धाकटी बहीण. तो जाईल तिथे ही मागे. आत्या ऊस संशोधन केंद्रात कामाला होती. आत्याचे वडील, म्हणजे या पोरांचे आजोबाही तिथेच होते. तिथल्या एका जुन्या तुकड्याला त्यांच्या काळापासून खत दिलेलं नव्हतं. नुसत्या मातीच्या बळावर ऊस किती येतो, ते दर तोडणीला वजन करून पाहायचं. वजन मात्र वर्षागणिक उतरत चाललं होतं.

"माती मेली," केंद्राचे साहेब म्हणाले. "उद्या नांगर घालू."

आत्याचा चेहरा चिपाडासारखा झाला. "पिढ्यांचं मोजमाप तुटेल, साहेब."

"मेलेल्याची नाडी किती दिवस धरून बसायची?"

संध्याकाळी दोघं भावंडं तोडणी झालेल्या त्या उघड्या तुकड्याच्या बांधावर बसली. पलीकडे खत खाऊन माजलेला शेजारचा ऊस काळोख धरून उभा होता. त्यातून आवाज आला. हूंऽऽऽ. जमिनीखालून कुणी कण्हावं तसा.

"मेलेली माती रडतेय," शेपूट पुटपुटली.

"घुबड असेल."

"घुबड जमिनीत राहतं का रे, शहाण्या?"

दादा बांधावरून उठेना. शेपूटने देवाचं नाव घेतलं आणि ती त्या उसाच्या सरीत शिरली. जन्मात पहिल्यांदा ती पुढे आणि दादा मागे. पाती गालांना कापत होती, मागची वाट मिटत होती. हुंकार थेट पायाशी आला. डोळे गच्च मिटून तिने हात पुढे केला.

गार लोखंड. जमिनीत रोवलेली पोकळ नळी. सरीतून वारा आला की तिच्या उघड्या तोंडावर घुमायचा.

दादाच्या हाका ऐकून आत्या धावत आली आणि नळीवरून हात फिरवू लागली.

"ही बाबांनी रोवलेली, तुकड्याच्या कोपऱ्याची खूण. मोजणीची काठी उभी करायला तोंड उघडं ठेवलेलं. आम्हाला वाटलं, चोरांनी भंगारात घातली."

"पण मग कोपरा इथे, आणि बांध तिकडे कसा?" शेपूटने विचारलं.

सकाळी नांगराच्या आधी जमीन मोजायचा टेप आला. दर वर्षी ट्रॅक्टर वळताना बांध थोडा थोडा आत सरकला होता. ऊस निघायचा आक्रसलेल्या तुकड्यातून, एकरी उतारा काढायचे जुन्या, मोठ्या क्षेत्रफळावर.

साहेबांनी खऱ्या क्षेत्रफळाने पुन्हा भागाकार केला. "थकलीय जरा, पण जिवंत आहे." त्यांनी नांगर माघारी धाडला. "आम्ही ऊस मोजत राहिलो, जमीन मोजायची विसरलो. शाब्बास, पोरी. एकटी शिरलीस?"

"दादा होता की," शेपूट म्हणाली. "मागे."

तर बाळांनो, जिभेवर साखर विरघळेल तेव्हा नळी खोल रोवणाऱ्या त्या आजोबांना आठवा. आणि त्यांच्या नावाने एकदा हूं म्हणा.