रिकाम्या पट्ट्यातला श्वास

सांगते, पण मला वेड लागलंय असं म्हणू नका. ते डॉक्टरांनी म्हणून झालंय.

आमचे हे गोदामावर रात्रपाळीचे पहारेकरी. सकाळी येतात, पडदे ओढून झोपतात. घोरता घोरता मध्येच श्वास बंद! मी हलवलं की धापा टाकत उठतात. म्हणून दवाखान्यातून घरी बांधायचं तपासणीचं यंत्र आणलं. छातीला पट्टा, बोटाला चिमटा. देणाऱ्या मुलीला बजावलं होतं, "हे दिवसा झोपतात गं." तिनं नुसती मान डोलावली.

सकाळी यांना पट्टा बांधला, दुपारी सोडला. रात्री यंत्र यांच्या उशीवर ठेवून मी शेजारी एकटीच झोपले.

दुसऱ्या दिवशी यंत्र परत नेलं. डॉक्टर संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाले, "उत्तम झोप. रात्रभर श्वास एकदाही थांबलेला नाही. उगाच बाऊ करू नका, ताई."

"रात्रभर?... रात्री हे कामावर असतात."

"यंत्र रात्रीच्या वेळेचंच लावलेलं असतं. आपोआप चालू होतं."

"अहो, पट्टा रिकामा होता! माझ्या शेजारी..."

"मग श्वास काय उशीनं घेतला?" ते हसले. "नाडी तेवढी लागलेली नाही. चिमटा निसटला असेल."

अंगावर काटा आला, पण त्याहून डोक्यात तिडीक गेली. नाडीशिवायचा श्वास डॉक्टरांना चालतो, आणि बायकोनं कानांनी ऐकलेलं चालत नाही! मी हटून बसले, तेव्हा कुठे आठ्या घालत त्यांनी यंत्र दिवसाचं लावून दिलं.

काल सकाळी यांना पट्टा बांधून जवळ बसले. बाहेर लख्ख ऊन, खोलीत मात्र पडद्यांचा कोंदट काळोख. घोरणं चढलं, अडखळलं, थांबलं. मी हात पुढे केला... आणि तो तिथंच राहिला. श्वास ऐकू येत होता. संथ, एकसारखा. यांची छाती हलत नव्हती. आवाज यांच्या पलीकडून, भिंतीच्या बाजूनं येत होता.

"कोण आहे?... सोड त्यांना!" मी ओरडले, यांना गदागदा हलवलं. हे धापा टाकत उठले. पलीकडे एकदम शांत झालं.

आज यांनाच घेऊन दवाखान्यात गेले. म्हटलं, आता तरी कळेल.

"बघा," डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला. "दिवसाचाही श्वास अखंड. एकदासुद्धा खंड नाही. उपचारांची गरजच नाही."

मी भांडले. टेबलावर हात आपटला. कुणी ऐकेल तर शपथ!

यांचा चेहरा मात्र खुलला. दारातच मोठी जांभई देत मला म्हणाले, "ऐकलंस ना? आता घरी जाऊन निवांत झोपतो. मला हलवून उठवू नकोस."