कडेला सरकलेला ठिपका

हौदात उभी राहून, भलाथोरला मासा लेकरासारखा कवेत घेऊन ती त्याचं पोट चाचपत होती, तोच चुकीच्या फाटकातून गुरांचा नवा डॉक्टर आत आला. त्याला शेजारच्या गोठ्यावर जायचं होतं. पण हवेत लवंगेचा दरवळ होता आणि पाय हलेनात.

"कुणाचा दात दुखतोय का?"

"लवंगेच्या तेलानं माशाला गुंगी येते," ती म्हणाली. "तुम्हालाही चढलेली दिसतेय..."

तो हसला. तिची नजर मात्र त्याच्या खांद्यावरच्या सोनोग्राफीच्या यंत्रावर. वडिलांमागे तिनं हे मत्स्यबीज केंद्र जिवापाड सांभाळलं होतं, पण यंदा हौदात एकही अंडं पडलं नव्हतं. शुक्रवारी व्यापारी मासे तोलून नेणार, काका हौद बुजवून गोदाम बांधणार, हे ठरल्यात जमा होतं. यात गाईच्या पोटातलं वासरू दिसतं तर माशाच्या पोटातलं दिसेल का, तिनं भीतभीत विचारलं.

दुपारी गोठा आटोपून तो परतला. तिची रीत सोपी होती: पोट दाबल्यावर दुधासारखा थेंब आला तर नर, नाहीतर मादी. यंत्राची रीत वेगळी: पडद्यावर दाणेदार दिसेल ते अंडाशय, नितळ पट्टा दिसेल तो नर. तिच्या 'माद्या' एकेक करून नितळ निघाल्या. सगळे वयात न आलेले नर.

"म्हणजे इतके दिवस मी..."

"नवरदेवांचीच सोयरीक जुळवत होतात."

तिचे कान लालबुंद झाले.

शेवटी एक खरी मादी सापडली. बारीक नळीनं चार अंडी काढायची, औषधाच्या थेंबात पारदर्शक करायची, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. अंड्यातला मधला ठिपका कडेला सरकला की मादी तयार. तेव्हाच अंडी सुटण्याच्या औषधाची सुई टोचायची. रोज एका भिंगाशी दोन डोकी वाकायची, केसांना केस लागायचे... ठिपका मात्र हलत नव्हता.

गुरुवारी काकांनी आवाज चढवला, उद्या व्यापारी येतोय, टोचायचं तर आजच टोच. टोचून बघू या का, डॉक्टरही चाचरत म्हणाला. तिनं सुई खाली ठेवली. "कच्ची अंडी वाया जातील, मादीही जाईल. नाही टोचणार."

हौद हातचा जाणार, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं मादीला परत पाण्यात सोडलं.

शुक्रवारी टेम्पो दाराशी लागला आणि तिनं भिंगाला डोळा लावला. ठिपका कडेला! तिनं सुई टोचली. डॉक्टर टेम्पोला आडवा उभा राहिला. टोचलेली मादी खायला विकता येत नाही आणि तिची अंडी फळवायला नरही हौदातच हवेत, हे त्यानं काकांना शांतपणे सांगितलं. टेम्पो रिकामा वळला.

दुसऱ्या दिवशी मादीचं पोट हलकेच दाबताच अंडी वाटीत धारेनं उतरली, वाटीमागून वाटी. नराचा थेंब पिसानं कालवला. पुढे त्या काचेसारख्या मण्यांत जेव्हा जीव वळवळू लागले, तेव्हा काका वाकून पाहू लागले. मग बाह्या सरसावून म्हणाले, पिल्लांसाठी कुठला हौद घासायचा ते सांग, पोरी.

काका घासायला गेले. डॉक्टर तिच्याशेजारी पाण्यात उतरला.

"मला पोहता येत नाही," तो म्हणाला. "तरी इथून बाहेर पडावंसं वाटत नाही... कधीच."

"पाणी कमरेएवढंच आहे, डॉक्टर."

"तरी हात धराल?"

तिनं धरला. पाणी कमरेएवढंच होतं, तरी सोडला नाही.